हौसेचे मोल

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळली आहे की, तिच्यात काही वादग्रस्त असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. लग्नातला शालू, मुंजीतली पंक्ती, दिवाळीतली रोषणाई अशा कोणत्याही प्रसंगी खर्चाचा आकडा फुगला की घरातले वडीलधारे माणूस ही म्हण उच्चारते आणि हिशेबाची वही मिटते. आम्हीही ती अनेकदा उच्चारली आहे. परंतु म्हैसुरास बदली होऊन आल्यावर एका मोटारसायकलीने आम्हांला ह्या म्हणीचा फेरविचार करावयास लावले. हौसेला मोल असतेच. प्रश्न एवढाच की, ते भरतो कोण?

प्रसंग अगदी साधा होता. बिऱ्हाडापासून कचेरी सहा किलोमीटर, तेव्हा एखादे वाहन घ्यावे असे ठरले. त्या वाहनाकडून आमच्या अपेक्षा दोन होत्या: रोज कचेरीस पोहोचवावे, आणि सुटीच्या दिवशी हा सुंदर मुलूख दाखवावा. वरवर पाहता ही दोन्ही कामे एकच वाटतात, कारण दोहोंतही माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. कचेरीस जाताना रस्ता हा खर्च असतो. तो जितका लवकर संपेल तितका बरा. भटकंतीत रस्ता हीच मिळकत असते. म्हणून पहिल्या कामाला गाडी हलकी, पेट्रोल कमी पिणारी, गर्दीत चटकन वळणारी आणि कधी न बिघडणारी हवी. तर दुसऱ्याला ती रस्ता धरून चालणारी, मागे बसणाऱ्यास ऐसपैस आणि चढावर दम न टाकणारी हवी. पहिली गाडी बुद्धी निवडते. दुसरीच्या बाबतीत मन आपली निवड आधी करते व बुद्धीकडून नंतर सही घेते.

कचेरीतल्या सहकाऱ्यांचा सल्ला बिनतोड होता. शंभर-सव्वाशे सीसीची नवी फोर-स्ट्रोक गाडी घ्यावी. ती लिटरला पन्नास-साठ किलोमीटर सहज देईल. शिवाय आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांसाठी २०२१ सालापासून नव्या वाहनांना 'बीएच' मालिकेचा क्रमांक मिळण्याची सोय झाली आहे. राज्य बदलले तरी नोंदणी बदलावी लागत नाही. ह्या सल्ल्यात आम्हांला एकही दोष काढता आला नाही, आणि तरीही तो आम्ही मानला नाही. कारण आमचे मन यादवगिरीत गुंतले होते.

यादवगिरी हा म्हैसूरच्या रेल्वे स्थानकाजवळचा भाग. आर. के. नारायण यांचे घर तेथेच आहे. ह्याच यादवगिरीत १९६१ साली 'आयडियल जावा' हा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. उभारणारे होते रुस्तुम आणि फारुख इराणी, आणि उद्घाटन केले पूर्वीचे महाराज व तेव्हाचे राज्यपाल जयचामराज वडियार यांनी. मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला इराणी म्हटले की संगमरवरी टेबल, पाण्यासारखा वाहणारा चहा आणि बनमस्का आठवतो. म्हैसूरच्या माणसाला आठवते ती मोटारसायकल. गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. तेथील यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर ह्या जर्मन कंपनीची गाडी बनवावयास घेतली, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव झाले. पुढे १९७०च्या दशकात म्हैसूरची गाडी 'येझदी' ह्या नावाने बाहेर पडू लागली. हे नाव इराणातील येझद ह्या, पारशी-इराण्यांना मातृस्थानी असलेल्या शहराची आठवण देते. १९९६ साली कारखाना बंद पडला. 'जावा' हे नाव २०१८ साली आणि 'येझदी' हे नाव २०२२ साली दुसऱ्या कंपनीच्या नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले; परंतु आम्ही ज्या गाडीवर भाळलो ती यादवगिरीत घडलेली जुनी गाडी.

ह्या शहरात तशा गाड्या अजूनही दिसतात. एकाच सिलिंडरातून दोन बाजूंना निघालेल्या दोन लांब नळ्या आणि गुडघ्याला गुडघा लावून बसावेसे वाटेल अशी पेट्रोलची गोलसर टाकी. किक मारण्याचा दांडा आणि गिअरचा दांडा हा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे लवतो व गिअर बदलण्याच्या कामी रुजू होतो. एकाच माणसाकडून दोन टेबलांची कामे करून घेण्याची ही युक्ती आम्हां सरकारी नोकरांस तत्काळ ओळखीची वाटली.

आम्हांला गाडी ज्या मिस्त्रीने शोधून दिली, तो तरुणपणी त्याच कारखान्यात कामाला होता. व्यवहार ठरल्यावर आम्ही त्याला म्हटले, "आपण घडवलेली गाडी इतक्या वर्षांनी कोणी हौसेने घेतो, ह्याचा तुम्हांला आनंद होत असेल." तो फडक्याने हात पुसत कानडीत जे बोलला त्याचा अर्थ असा: "साहेब, तेव्हा ती आमचे पोट होती, आता ती तुमची हौस आहे." त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता. परंतु परत येताना ते वाक्य आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसून आले.

घरी सौभाग्यवतींनी गाडीला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि मग विचारले, "अहो, आनंद तुमचा हे मान्य, पण त्याचा खर्च कोणाकोणाच्या नावे पडणार, ते एकदा लिहून काढाल का?" हा प्रश्न आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला. तो गंभीर होता हे कळावयास एक पावसाळा जावा लागला.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना दम्याचा विकार आहे. रोज सकाळी नऊच्या सुमारास आम्ही अंगणात गाडीला किक मारीत असू, आणि त्या पहिल्या किकेसरशी शेजारची खिडकी बंद होत असे. पुष्कळ दिवस आमचे तिकडे लक्षच गेले नाही. ज्या दिवशी गेले त्या दिवशी आम्ही शरमून क्षमा मागावयास त्यांच्या दारी गेलो. ते म्हणाले, "नाही सार, ही आमच्या गावची गाडी. तिला मी काय म्हणू?" त्यांनी तक्रार केली असती तर आम्ही कदाचित वाद घातला असता, प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्रही दाखवले असते. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून आम्हांला पळवाट उरली नाही.

हा धूर येतो कोठून, हे त्यानंतर आम्ही समजून घेतले. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत शिरणारे पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रणच करते. त्या ढकलाढकलीत थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर निसटते. शिवाय इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आणि पेट्रोलबरोबर तेही जळते. निळसर धूर व तो विशिष्ट वास ही त्याचीच खूण. फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा वेळेवर उघडमीट करतात आणि वंगण वेगळे राहते, म्हणून ते पेट्रोलही कमी घेते व हवाही कमी नासवते. आपल्या देशात १९९१ सालापासून वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या, १९९६ व २००० साली त्या अधिक कडक झाल्या, आणि जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू मागे पडल्या. म्हणजे ज्या 'फट्-फट्' आवाजावर आम्ही लुब्ध होतो, तो आवाज आणि शेजाऱ्याचा दमा ही एकाच इंजिनाची दोन अपत्ये होत.

मग आम्ही सौभाग्यवतींच्या सूचनेप्रमाणे खरोखरच वही घेऊन बसलो. आमच्या नावे जे पडत होते ते आम्हांला ठाऊकच होते: पेट्रोल, सुटे भाग, पुनर्नोंदणीचे हेलपाटे, रविवारच्या दुपारी काळे झालेले हात. हे मोल आम्ही आनंदाने भरीत होतो. किंबहुना तो आनंदाचाच एक भाग होता. जी वस्तू आपल्याकडून काही श्रम मागत नाही, तिच्यावर माणूस प्रेम करू शकतो की नाही ह्याची आम्हांला शंकाच आहे. परंतु दुसऱ्या रकान्यात लिहू लागलो तेव्हा लेखणी अडखळली. संध्याकाळी आम्हांस उशीर झाला की दारात उभ्या राहणाऱ्या पत्नीची काळजी. शेजाऱ्याची बंद खिडकी. सिग्नलला आमच्या मागे उभ्या असलेल्या सायकलस्वाराचा श्वास. ह्यांपैकी कोणीही आमच्या हौसेत भागीदार नव्हते; फक्त देणेकरी होते.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात व्यक्तीच्या स्वातंत्र्याची सीमा दुसऱ्यास होणाऱ्या अपायाशी आखली. आपल्या आगरकरांवर ज्या विचारांचा संस्कार झाला, त्यांतला हा एक. ह्या तत्त्वाने आमची हौस कोठे संपावी हे कळते. ती कशी भोगावी हे मात्र कळत नाही. त्यासाठी ईशोपनिषदाकडे वळावे लागते. त्याच्या आरंभीच भोग आणि त्याग ही जोडी एकत्र सांगितली आहे. भोग सोडा असे तेथे म्हटलेले नाही. त्यागासह भोगा, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. हौस आणि चैन ह्यांतील भेद आम्हांला येथे सापडला. जिचे मोल हौशी माणूस स्वतः भरतो ती हौस. जिचे मोल तो दुसऱ्यांच्या नावे टाकतो ती चैन. वस्तू एकच असू शकते. आमची येझदी सकाळी नऊ वाजता चैन होती.

हा भेद किती जुना आहे हे आम्हांला श्रीरंगपट्टणास जाताना जाणवले. म्हैसुरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचे ते गाव. सकाळचे ऊन, कालव्याकाठची भाताची शेते, आणि पायांखाली समाधानाने घुमणारे इंजिन. अशा प्रवासाला आपण मराठीत गमतीने 'मुलूखगिरी' म्हणतो. परंतु १७९२ साली हरिपंत फडक्यांची मराठी फौज कॉर्नवॉलिसच्या सैन्यासह ह्याच श्रीरंगपट्टणापुढे ठाकली होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी मराठी फौजेतील स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला होता. तीही मुलूखगिरीच. तिच्या पराक्रमाच्या कथा आपल्या पदरी आल्या, आणि तिचे मोल ह्या मुलखातील रयतेने व मठाने भरले. दुसऱ्याच्या मुलखात राहणाऱ्या आम्हां नोकरदारांनी हा शब्द उच्चारताना थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.

ह्याच मुलखात याच्या उलट उदाहरणही आहे. म्हैसुराहून गुंडलुपेटमार्गे बंडीपूरच्या अरण्यातून जाणारा रस्ता म्हणजे मोटारसायकलस्वाराचे स्वप्न. त्या रस्त्यावर २००९ सालापासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांस मनाई आहे. वेगाने धावणाऱ्या गाड्यांखाली रात्री वन्य प्राणी मरत होते, म्हणून हा निर्बंध आला, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने तो २०१० साली उचलून धरला. एकदा आम्ही पहाटे लवकर पोहोचलो आणि नाक्यावर सहा वाजण्याची वाट पाहत उभे राहिलो. थंडी होती, इंजिन बंद होते, आणि अरण्यातून पक्ष्यांचे आवाज येत होते. आमच्या हौसेचे मोल त्या दिवशी हरणांनी न भरता आम्ही भरले: अर्धा तास. खरे सांगावयाचे तर सबंध प्रवासातला तो अर्धा तासच आम्हांला आज सर्वांत स्पष्ट आठवतो.

आता आम्ही कचेरीस बसने जातो. थांब्यापर्यंत पंधरा मिनिटे चालावे लागते. सहकारी हसतात, कारण ज्या कामासाठी वाहन घेतले ते काम सोडून बाकी सर्व कामे ते करते. महिन्यातून दोन रविवारी येझदी बाहेर निघते. अंगणात आम्ही तिला किक मारीत नाही. हाताने ढकलीत गल्लीच्या तोंडापर्यंत नेतो आणि मोकळ्या रस्त्यावर सुरू करतो. गाडी जड आहे. तेवढ्यात घाम येतो. शेजारची खिडकी उघडी असते, आणि पुष्कळदा तिच्यात आमचे वृद्ध शेजारी उभे असतात. एकदा ते म्हणाले, "सार, आवाज तरी ऐकवा." आम्ही गल्लीच्या तोंडाशी जाऊन ऐकवला.

हिशेब पुरता जुळला असे मात्र नाही. मोकळ्या रस्त्यावरची हवाही कोणाच्या तरी वाट्याची असते, आणि त्या मिस्त्रीचे वाक्य कोणत्या रकान्यात मांडावे हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. आम्ही ती बाकी खोडली नाही. पुढच्या पानावर ओढली आहे. उद्या कोणी आमच्यापुढे 'हौसेला मोल नाही' असे म्हटले, तर आम्ही वाद घालणार नाही. फक्त वही मिटू नये, एवढीच विनंती करू.