पत्ते आधी, सर्व्हर मग

चि. गौरीस,


चार गिऱ्हाइकांच्या साइट एकाच सर्व्हरवर आणायचं ठरवलंस, बरं केलंस. दवाखाना, मंगल कार्यालय, वाचनालय आणि ते त्रैमासिक, यांतल्या कुणालाच स्वतंत्र मशीन लागावं एवढी वर्दळ नाही. एका आयपीवर चार नावं कशी नांदतील, ही तुझी शंका मात्र फार जुनी. एचटीटीपी १.० मध्ये ब्राउझरने 'अमुक पान दे' एवढं म्हटलं तरी चालायचं. कुणाच्या साइटचं, ते सांगायची सक्ती नव्हती. १९९७ च्या १.१ ने होस्ट हेडर सक्तीचा केला. पाकिटावर बिऱ्हाडाचं नाव असलं की वाड्यात कितीही बिऱ्हाडं असोत, पोस्टमनचं अडत नाही. एचटीटीपीएसचं घोडं पुढेही अडलंच होतं, कारण प्रमाणपत्र दाखवायची वेळ हेडर वाचण्याआधी येते. त्यावर २००३ मध्ये, साइटचं नाव प्रमाणपत्राआधीच सांगणारं एसएनआय निघालं, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच उमगलं नाही, म्हणून लोक बरीच वर्षं बिचकून होते. आता ती धास्ती उरली नाही.

खरी काळजी पत्त्यांची. तेव्हा सर्व्हरला हात लावण्याआधी चारही साइटचे पत्ते कागदावर लिहून काढ. सर्व्हर तू केव्हाही बदलशील, उद्या वर्डप्रेसही सोडशील. पण वाचनालयाच्या सूचीचा दुवा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, शाळेच्या स्मरणिकेत छापला, की तो तुझा राहिला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं, की फाइलचा प्रकार, आतलं सॉफ्टवेअर, लेखकाचं नाव असलं काही पत्त्यात घालू नका. हे सगळं बदलतं. 'इंडेक्स डॉट पीएचपी'च्या मागे प्रश्नचिन्ह आणि आयडी ३४७ असा पत्ता उद्या पीएचपी गेलं की मेला. 'अंक/२०१९/दिवाळी' हा टिकतो, कारण तो अंक २०१९ चाच राहणार.

हा पत्ता मी इथे देवनागरीत लिहिलाय, पण तू रोमन अक्षरांत ठेव. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी पत्ता आपोआप बनवून देतं, दिसतोही झकास. पण देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांची, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरांचा होतो. म्हणजे एका खुणेला नऊ अक्षरं, आणि काना-मात्रा-वेलांटी हीसुद्धा वेगळी खूण! 'पुणे' म्हणजे ३६. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये या पत्त्याचा रकाना २०० अक्षरांचा असतो. 'दिवाळी अंकाचे संपादकीय' एवढ्यातच १८२ संपतात. त्याहून लांब शीर्षक मध्येच तोडलं जातं, आणि सारखी सुरुवात असलेल्या दोन लेखांपैकी दुसऱ्याच्या शेपटीला नुसता २ चिकटतो. पुन्हा तोच पत्ता कॉपी करून पाठवला, की समोरच्याला बऱ्याचदा टक्क्यांची माळ दिसते. त्रैमासिकाचे संपादक यावरून कुरकुरतील. त्यांना सांग, मराठी शीर्षकात मिरवा. उद्या त्यांनी डॉट भारत नाव घेतलंच, तर सर्व्हरनेममध्ये त्याचं 'एक्सएन'ने सुरू होणारं रूप लिहायचं.

कॉन्फिगमध्ये एकच गोष्ट जपून कर. आलेलं नाव कुठल्याच नोंदीशी जुळलं नाही, तर अपाची गुपचूप पहिली नोंद उघडतं, आणि डीफॉल्ट सांगितला नसेल तर एन्जिनएक्ससुद्धा. डेबियनवर या नोंदींच्या फाइली वर्णानुक्रमे वाचल्या जातात, म्हणजे तुझ्याकडे दवाखाना पहिला. मंगल कार्यालयाचं डीएनएस तू नोंद करण्याआधीच वळलं, तर हॉलची तारीख बघायला आलेल्या वधूपित्याला मूळव्याधीवरचे उपचार वाचायला मिळतील. म्हणून पहिली नोंद रिकामी, फक्त ४०४ देणारी ठेव. एचटीटीपीएससाठीही वेगळी ठेव. ती हमखास विसरली जाते.

मुखपृष्ठ उघडतंय आणि आतली सगळी पानं ४०४ देतायत, असं झालं तर घाबरू नकोस. अपाची २.४ मध्ये अलाउओव्हरराइड मुळातच बंद असतं, त्यामुळे तुझी डॉट एचटीअ‍ॅक्सेस कुणी वाचतच नाही. मी तर म्हणतो, ते नियम सरळ त्या साइटच्या व्हर्च्युअल होस्टमध्येच लिही, म्हणजे दर विनंतीला प्रत्येक फोल्डरमध्ये ती फाइल शोधणंही वाचेल. एन्जिनएक्स तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिथे ट्रायफाइल्सची एक ओळ पुरते. दर साइटला वेगळा युजर आणि वेगळा पीएचपी-एफपीएम पूल दे, म्हणजे एकीत कुणी घुसलं तर बाकीच्या तिघी बचावतील.

जुने पत्ते नव्यावर वळवताना पहिले काही दिवस ३०२ वापर. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मग चुकीचा नियम सुधारलास तरी गिऱ्हाइकाला जुनंच दिसत राहतं आणि फोन तुला येतात. सगळं नीट चाललंय असं दिसलं की ३०१ कर, आणि ते पुढे कधीही काढू नकोस.

डीएनएसचा टीटीएल बहुधा ८६४०० असेल. तो आजच ३०० वर आण, हलवाहलव परवा कर. तोवर स्वतःच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये चारही नावं नव्या आयपीला जोडून एकेक पान उघडून बघ. पत्त्यांची यादी झाली की मला पाठव, त्रैमासिकाची आधी.

तुझा,
मामा