निळा धागा

वाचन : गणना १५:३७-४१, अनुवाद ६:६-९



इस्राएल लोकांनी मिसर देशात व तांबड्या समुद्राजवळ देवाची सामर्थ्याची कृत्ये डोळ्यांनी पाहिली होती. तरीही ते विसरत. देवाला हे ठाऊक होते. म्हणून त्याने मोशेच्या द्वारे आज्ञा केली की, वस्त्रांच्या टोकांना गोंडे लावावेत व त्यांवर निळा धागा असावा. तो दृष्टीस पडला की आज्ञांची आठवण व्हावी. दारांच्या चौकटींवर वचने लिहावीत असेही त्याने सांगितले. या शास्त्रभागात अवज्ञेविषयी इशारा आहे हे खरे. पण त्यातच देवाची एक रीत दिसते. "लक्षात ठेवा" एवढे बोलून तो थांबला नाही. लक्षात राहावे म्हणून डोळ्यांना दिसेल असे साधनही त्याने दिले.

आपल्या शब्बाथ शाळेत एखादे मूल असे असते की गोष्ट चालू असताना त्याचे मन खिडकीबाहेर जाते. केलेला गृहपाठ दप्तरातच राहतो, कंपासपेटी पुन्हा हरवते, परीक्षेची तारीख आदल्या रात्री आठवते. "हुशार, पण निष्काळजी" असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो. अशा काही मुलांना एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, असते. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी त्यास नैतिक संयमाची उणीव मानले. आज वैद्यकशास्त्र तसे मानीत नाही. ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता असून ती पुष्कळदा आनुवंशिक असते. ती आळस नव्हे, आईबापांच्या संगोपनाचा दोष नव्हे, आणि पापही नव्हे. काही मुले, विशेषतः मुली, मुळीच दंगा करीत नाहीत. त्या गप्प बसून हरवलेल्या असतात, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, ओळखून घ्यावे. विसरणारे प्रत्येक मूल असे नसते. ही लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसू लागतात, निदान सहा महिने टिकतात, आणि घरी व शाळेतही आढळतात. शंका आल्यास बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. त्यांनी औषध दिले तर ते घेणे हा अविश्वास नव्हे. प्रार्थना करावी आणि दवाखान्यातही जावे.

दुसरी गोष्ट, त्याच्या हाती धागा द्यावा. जे मनात टिकत नाही ते डोळ्यांपुढे ठेवावे. प्रत्येक विषयाच्या पुस्तकाला व वहीला एकाच रंगाचे कव्हर घालावे. सर्व गृहपाठ एकाच छोट्या वहीत, वर्ग सुटण्यापूर्वी, लिहावा. शिक्षकांनी त्यावर नजर टाकून सही करावी. वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवावे. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावे. या मुलांना वेळेचा अंदाज येत नाही. म्हणून समोर घड्याळ ठेवून पंधरा-वीस मिनिटे अभ्यास, मग थोडे उठणे, असे करावे. महिनाभराचे काम असेल तर त्याचे लहान भाग पाडून प्रत्येकापुढे तारीख लिहावी. शिक्षकांनी त्यास पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि काम जमले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. शब्बाथ शाळेत पाठांतराचे वचन त्याला कार्डावर लिहून द्या. फळे वाटायला, खुर्च्या लावायला उठवा. हातापायांना काम मिळाले की कानही ऐकतात.

तिसरी गोष्ट, त्याला लाजवू नये. गोंडे फक्त विसराळू लोकांनी लावावेत असे देवाने सांगितले नव्हते. ते सर्वांसाठी होते. मोशेच्या वयाच्या वडिलांसाठीही होते. म्हणून घरातील भिंतीवरच्या तक्त्यावर बाबांचे वीजबिल व आईची औषधाची वेळही लिहिलेली असू द्या, म्हणजे तो तक्ता त्या एकट्याची शिक्षा ठरणार नाही. काही आठवड्यांनी त्या तक्त्याकडे त्याचे लक्ष जाईनासे होईल. तेव्हा "बघ, काही उपयोग नाही" असे म्हणू नका. तक्त्याची जागा बदला, रंग बदला, धागा पुन्हा बांधा.

बंधुभगिनींनो, जे मूल रोज दहा वेळा "तुझे लक्ष कुठे असते?" हे ऐकते, ते हळूहळू असे समजू लागते की देवही आपल्याशी याच आवाजात बोलतो. हे मोठे नुकसान आहे. हरवलेली कंपासपेटी पुन्हा विकत मिळते, पण देव आपल्यावर नाराज आहे असे मानून दूर गेलेले मूल परत आणणे कठीण असते. आपला देव विसरणाऱ्यांच्या वस्त्राला निळा धागा लावणारा देव आहे, हे त्या मुलाला प्रथम आपल्या घरात व आपल्या वर्गात दिसू द्या.

त्यासाठी लागणारी सहनशीलता प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.