मदालसा: जिने नावालाच प्रश्न विचारला

बारशाच्या आधी आई-वडील फोन करतात, तेव्हा मुहूर्ताच्या जोडीने एक प्रश्न हमखास येतो: ताई, नावाचा माणसावर परिणाम होतो का हो? मग त्याला फाटे फुटतात. जन्माक्षर पाळायलाच हवे का? अंकशास्त्रात नाव बसते का? अर्थ काही भलता तर निघत नाही ना? मी पुण्यात पौरोहित्य करते आणि हा प्रश्न मला कधीही पोरकट वाटलेला नाही. माणूस म्हणजे त्याचे नाव, की नाव काढून घेतल्यावर उरते ते? उपनिषदांनी जे विचारले तेच आजची बाळंतीण पाळण्याशेजारी बसून विचारते. मला याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका पुराणातल्या आईकडून मिळाले. तिचे नाव आता क्वचितच कुणी मुलीला ठेवते. ते नाव म्हणजे मदालसा.

नाव अगदीच नामशेष झालेले नाही. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या एका मुलीचे नाव मदालसा होते. विनोबांच्या सहवासात वाढलेल्या या मदालसाबाई पुढे श्रीमन्नारायणांच्या पत्नी झाल्या. आजच्या प्रेक्षकांना याच नावाची एक अभिनेत्री दूरचित्रवाणी मालिकांमुळे माहीत आहे. पण बारशाच्या घरी मोबाइलवर ज्या याद्या फिरतात त्यांत मायरा, मिहिका, मीरा, मानसी सापडतात. मदालसा सापडत नाही. एका घरी मघा नक्षत्रामुळे 'म' आला होता. पणजीबाईंनी कोपऱ्यातून 'मदालसा ठेवा' म्हटले. बाळाच्या बाबांनी तिथल्या तिथे अर्थ शोधला: मदाने आळसावलेली. सगळ्यांचे चेहरे पडले आणि विषय संपला.

तो अर्थ खोटा नव्हता. मद आणि अलसा मिळून हा शब्द होतो आणि संस्कृत काव्यात तो शृंगाराच्या प्रदेशातला आहे. श्यामलादंडकात वीणा वाजवणाऱ्या मातंगी देवीलाच हे विशेषण लावले आहे. तिथे मद म्हणजे सुरांत बुडालेल्या देवीची आनंदाची धुंदी. तरी शास्त्राच्या कसोट्या लावल्या तर नाव अडचणीत येते. पारस्कर गृह्यसूत्र म्हणते, मुलीच्या नावात अक्षरे विषम हवीत. मदालसामध्ये चार आहेत. मनुस्मृती म्हणते, स्त्रीचे नाव उच्चाराला सोपे, स्पष्ट अर्थाचे, मंगल आणि आशीर्वादासारखे असावे. अर्थात त्याच मनुस्मृतीत नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असेही आहे, आणि महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलींना रोहिणी, रेवती, गंगा, गोदावरी अशी नावे ठेवून ते बाजूला सारले. लोकांनी हे योग्य केले, असे मी मानते.

मदालसेची कथा मार्कंडेय पुराणात आहे. नवरात्रात आपण जी सप्तशती वाचतो तीही याच पुराणातली. गंधर्वराज विश्वावसूची ही मुलगी. पातालकेतू नावाच्या दानवाने तिला पळवून नेले होते. राजपुत्र ऋतध्वज कुवलय नावाच्या घोड्यावरून पाताळात उतरला, दोघांचे लग्न झाले आणि तो तिला सोडवून घेऊन आला. पुढे त्याच्या मृत्यूची खोटी बातमी ऐकून तिने प्राण सोडले. नागराज अश्वतराने तप केले आणि त्याच्या फण्यातून ती पुन्हा जन्माला आली, त्याच रूपात, पूर्वजन्माच्या स्मृतीसह. एवढे अद्भुत घडूनही ही कथा मला खरी मोठी वाटते ती यानंतर, तिच्या बाळंतिणीच्या खोलीत.

पहिला मुलगा झाला. आता राजा झालेल्या ऋतध्वजाने नाव ठेवले विक्रांत. मदालसा हसली. बाळ रडू लागले तेव्हा त्याला निजवताना ती जे म्हणाली त्याचा आशय असा: बाळा, तू शुद्ध आहेस, तुला नाव नाही, जे आहे ते आत्ताच कुणीतरी कल्पनेने ठेवले. हा पाच भूतांचा देह तुझा नाही आणि तू त्याचा नाहीस, मग रडतोस कशासाठी? दुसरा झाला, राजाने सुबाहू नाव ठेवले, ती हसली. तिसरा शत्रुमर्दन, ती पुन्हा हसली. तिघेही आईचे बोल ऐकत वाढले आणि राज्याकडे पाठ फिरवून निघून गेले. चौथ्या वेळी राजा म्हणाला, माझ्या नावांना हसतेस, तर आता तूच ठेव. तिने नाव ठेवले अलर्क. अलर्क म्हणजे पिसाळलेला कुत्रा. आता हसण्याची पाळी राजाची होती. असल्या नावाला अर्थ काय, असे त्याने विचारले.

मदालसेचे उत्तर मी बारशाला आलेल्या कितीतरी आयांना सांगितले आहे. महाराज, नाव ही व्यवहारासाठी केलेली कल्पना आहे. तुमच्या नावांना तरी अर्थ कुठे आहे? विक्रांत म्हणजे पावले टाकत पुढे जाणारा. आत्मा सगळीकडेच आहे, तो जाईल कुठे? सुबाहू म्हणजे बळकट हातांचा; ज्याला आकारच नाही त्याला हात कुठले? शत्रुमर्दन म्हणता, पण सर्व देहांत एकच जण राहतो, मग शत्रू कोण आणि मर्दन कुणाचे?

माझ्या दृष्टीने या उत्तराचा सर्वांत भक्कम पुरावा तिचे स्वतःचेच नाव आहे. मदाने आळसावलेली असे जिला म्हटले, ती अख्ख्या राजवाड्यात सर्वांत जागी होती. शब्दकोश पाहून जे घर हे नाव टाकते, त्याला ही बाई भेटतच नाही. नावाने मदालसेला घडवले नाही. तिच्यामुळे त्या चार अक्षरांना आत्मज्ञानाचा वास लागला.

हा विचार पुराणातच राहिला असेही नाही. आमच्या नामकरणविधीत बाळाला चार नावे असतात: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि चौथे व्यावहारिक नाम. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधू लिहिला. महाराष्ट्रातले बहुतेक पुरोहित आजही त्याच्याच आधाराने संस्कार सांगतात, आणि त्यातही हे प्रकार आहेत. तबकातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिले जाणारे, आत्याने बाळाच्या कानात सांगितलेले, पुढे आधार कार्डावर छापले जाणारे नाव हे त्यातले चौथे. मदालसेने नावाला 'व्यावहारिक' म्हटले, आणि विधीही आपल्या हाकेच्या नावाला नेमका हाच शब्द वापरतो. म्हणजे नाव देतानाच संस्कार सांगून ठेवतो की हे कामापुरते आहे.

पण इथे थांबले तर मोठा अनर्थ होईल. नाव कल्पनाच असेल तर कुणाला काहीही म्हणावे का? आपल्याच राज्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना नकुशी म्हटले गेले. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. ज्या मुलीला जन्मभर 'नको असलेली' अशी हाक ऐकावी लागली, तिला मी आत्म्याला नाव नसते असे कोणत्या तोंडाने सांगू? लग्नात तांदळावर मुलीचे नवे नाव लिहायची रीत आहे. वधूला मनापासून हवे असेल तरच मी ते सांगते. नाव मिथ्या आहे हे सत्य फक्त स्त्रीच्याच नावाला लावले जात असेल, तर तो वेदान्त नव्हे. राजवाड्यात मदालसेने राजाने ठेवलेल्या पराक्रमी नावांनाच प्रश्न विचारला होता, दुबळ्याच्या नावाला नव्हे. तिचे ज्ञान अहंकार उतरवण्यासाठी होते, कुणाला उतरवून बोलण्यासाठी नव्हते.

भक्तीचा मार्गही इथे साक्षीला आहे. भागवतातल्या अजामिळाने धाकट्या मुलाचे नाव नारायण ठेवले होते आणि मरताना भीतीने त्यालाच हाक मारली. तेवढ्याने तो तरला. घरोघरी विठ्ठल, राम, रुक्मिणी ही नावे ठेवण्यामागे हीच आशा आहे की मुलाला हाक मारता मारता देवाचे नाव मुखी यावे. वरवर पाहता हे मदालसेच्या विरुद्ध वाटते. मला तसे वाटत नाही. अजामिळाच्या कथेत नाव हाक मारणाऱ्याला तारते; मदालसा बोलते ती ज्याला हाक मारली त्याच्याविषयी. एकाने नाव प्रेमाने घ्यावे आणि दुसऱ्याने ते अंगाला चिकटू देऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात.

आणि शब्दांची ताकद मदालसेइतकी कुणी ओळखली होती? नाव काही नाही म्हणणाऱ्या याच आईने पाळण्यातल्या बाळाशी अखंड बोलणे केले. तिघांना तिने वैराग्य ऐकवले, ते विरक्त झाले. चौथ्याला राजधर्म शिकव, अशी राजाने विनंती केली; तिने तो शिकवला आणि अलर्क चांगला राजा झाला. वनात जाताना तिने त्याला एक अंगठी दिली आणि संकटात तिच्यातला लेख वाच म्हणून सांगितले. पुढे थोरल्या सुबाहूने, भाऊ संसारात रुतला म्हणून कळवळून, काशीराजाला हाताशी धरून त्याच्यावर स्वारी केली. अलर्काने अंगठी उघडली. आत लिहिले होते की संग सर्वथा सोडावा, सुटत नसेल तर सज्जनांचा धरावा. तो दत्तात्रेयांकडे गेला. ज्या गुरुदेवांच्या पादुकांसाठी आपण गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर इथे जातो, त्यांनीच या 'पिसाळलेल्या कुत्र्याचे' नाव मिरवणाऱ्या राजाला योग शिकवला. भागवतातही दत्तात्रेयांच्या शिष्यांत प्रल्हादाच्या आधी अलर्काचे नाव येते. अर्थहीन म्हणून राजा ज्या नावाला हसला, ते गुरुपरंपरेत कायमचे कोरले गेले.

म्हणून 'परिणाम होतो का' या प्रश्नाला माझे उत्तर असे. नाव आत्म्याला लागत नाही, मुलाच्या मनाला मात्र लागते. त्यामुळे ते मायेने निवडा. जिभेला गोड, कानाला आपले, आणि मोठेपणी मुलीला मान वर करून सांगता येईल असे. अक्षर जुळले नाही, अंक बसला नाही, म्हणून घाबरू नका. त्यावर तिचे भाग्य टांगलेले नाही. तिचा घडणारा पिंड त्या एका शब्दापेक्षा तुम्ही तिच्याशी रोज जे बोलाल त्यावर अवलंबून आहे. आणि पुढच्या वेळी घरातल्या पणजीबाईंनी मदालसा हे नाव सुचवले, तर शब्दकोश उघडण्याआधी त्यांच्याकडून तिची गोष्ट ऐका, मग ठरवा.