धुराखालचा अग्नी

आज गीता ३.३८. धुराने अग्नी, धुळीने आरसा, वारेने गर्भ झाकलेला असतो, तसं कामनेने ज्ञान झाकलं जातं.

चोपड्याला घरी पप्पांची जुनी आरएक्स १०० आहे. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलसोबतच जळतं. जे ऑइल पिस्टनला जपतं, त्याचीच काजळी एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. मग गाडी ओढत नाही. सगळे म्हणाले, "इंजिन गेलं, विकून टाक." मी सायलेन्सर काढला, सिलिंडर खोललं, कार्बन खरवडला. इंजिन गेलेलं नव्हतंच, त्याचा श्वास कोंडला होता.

साधनेचीही काजळी धरते: "मी रोज जप करतो" हा मान, फळाची इच्छा. मग मन लागत नाही आणि वाटतं, श्रद्धाच संपली. तिला भंगारात काढू नका. आज नाम घेताना एकच अपेक्षा खरवडून बाजूला ठेवा.

जय हरी!