एकमताचे मोल

२०२२ सालच्या डिसेंबर महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने, दोन सभागृहांत दोन ठराव संमत झाले. पहिला २२ डिसेंबर रोजी, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या कर्नाटक विधानसभेत. सीमेचा प्रश्न केव्हाच संपलेला आहे, राज्याची एक इंचही भूमी दिली जाणार नाही, असा त्याचा आशय. मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तो मांडला. दुसरा २७ डिसेंबर रोजी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही शहरे आणि ८६५ मराठीभाषक गावे यांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणण्यासाठी सर्व कायदेशीर मार्गांनी पाठपुरावा करू, असा त्याचा आशय. तो मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मांडला. दोन्ही ठराव परस्परांस छेद देणारे, आणि दोन्ही एकमताने संमत.

पहिल्या ठरावाची वार्ता आली त्या दिवशी आम्ही खिन्न झालो. दुसऱ्याची आली त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले. आम्ही सीमाभागातली माणसे. ह्या दोन्ही भावना आम्हांस स्वाभाविक वाटल्या व आजही वाटतात. परंतु त्या रात्री दोन्ही वार्ता शेजारी शेजारी ठेवून पाहताना एक गोष्ट मनास टोचली, ती अद्याप गेलेली नाही. पहिल्या ठरावाबद्दल बोलताना आम्ही म्हणालो होतो, ‘सगळे एका बाजूला असले म्हणून ते न्याय्य थोडेच ठरते?’ आणि दुसऱ्याबद्दल बोलताना म्हणालो, ‘पाहा, एकही विरोधी मत पडले नाही!’ पाच दिवसांत आमचा तराजू बदलला होता. एकमत हे जर न्यायाचे प्रमाण असेल तर ते दोन्हीकडे असले पाहिजे. नसेल तर कोठेच नसले पाहिजे. मग एकमताचे खरे मोल तरी काय, हा प्रश्न आम्ही येथे मांडू इच्छितो. सीमाप्रश्नाची कायदेशीर बाजू हा आजचा विषय नव्हे. त्यासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आहे, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आहे, जो त्या डिसेंबरातही प्रलंबितच होता.

प्रथम ठराव म्हणजे काय, हे पाहू. विधिमंडळाचा असा ठराव हा कायदा नव्हे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे. त्या कामी राज्य विधिमंडळाचे केवळ मत मागविले जाते, आणि ते संसदेवर बंधनकारक नसते. म्हणजे त्या दोन दिवशी दोन्ही सभागृहांनी सीमेचा एकही दगड हलविला नाही. त्यांनी आपले मत प्रकट केले. आणि जे केवळ मत आहे, त्याचे बळ ते कसे तयार झाले ह्यावरच अवलंबून असणार. आज्ञेचे तसे नसते. आज्ञेमागे सत्ता असते. मतामागे विचार नसेल तर त्यात उरते काय?

आपल्या परंपरेत शास्त्रचर्चेचा एक दंडक आहे. सिद्धांत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावयाचा. आणि तो दुबळा करून नव्हे, प्रतिपक्षाने स्वतः मांडला असता त्याच ताकदीने. जो पूर्वपक्ष नीट मांडू शकत नाही, त्याच्या सिद्धांताला पंडितांच्या सभेत किंमत नसे. आधुनिक विधिमंडळाची रचनाही वस्तुतः ह्याच दंडकावर उभी आहे. समोरासमोर बाके, विरोधी पक्षनेत्यास मान्यता, दुरुस्ती सुचविण्याचा हक्क, आवाजी मतदान पटले नाही तर मतविभागणी मागण्याचा हक्क, आणि सभागृहातील भाषणाबद्दल व मताबद्दल कोणत्याही न्यायालयात जाब द्यावा लागू नये, हे अनुच्छेद १९४ ने दिलेले अभय: ही सारी व्यवस्था ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी आहे. ‘होय’ म्हणणाऱ्यास अभयाची गरज नसते.

आता त्या दोन दिवसांकडे पुन्हा पाहू. बेळगावच्या सभागृहात एकमत झाले ते कसे? महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार एके काळी कर्नाटक विधानसभेत असत. २०१३ च्या निवडणुकीतही दोन निवडून गेले होते. २०१८ च्या निवडणुकीत एकही गेला नाही. त्यामागे आमच्यातील फाटाफूट किती आणि इतर कारणे किती, हा वेगळा विषय. पण परिणाम असा की २२ डिसेंबर रोजी, ज्या शहराविषयी ठराव होता त्याच शहराच्या वेशीवर बसलेल्या सभागृहात, समितीचा कोणी सदस्य नव्हता. जे मत रस्त्यावर होते, घराघरांत होते, ते आत नव्हते. अशा स्थितीत ‘विरोधी मत पडले नाही’ ह्या वाक्याचा अर्थ एवढाच की विरोध करणारा तेथे बसलेला नव्हता.

हे लिहिताना आमचा हात चालतो. पुढचे लिहिताना अडखळतो. नागपूरच्या सभागृहालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. त्या ८६५ गावांत कन्नड बोलणारी कुटुंबे नाहीत काय? आमच्याच गल्लीत आहेत. त्यांच्या आणि आमच्या परसात एकाच विहिरीचे पाणी येत आले आहे. त्यांचा कोणी प्रतिनिधी नागपूरला असणे शक्यच नव्हते, कारण ते महाराष्ट्राचे मतदार नाहीत. मराठी मतदारांचा प्रतिनिधी बेळगावच्या सभागृहात असणे निदान शक्य होते. कन्नड शेजाऱ्याचा नागपूरच्या सभागृहात असणे रचनेनेच अशक्य होते. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्या मतदारयादीत नाही. म्हणजे दोन्हीकडे ज्यांच्याविषयी ठराव झाला त्यांतील कोणीतरी बाहेरच होता.

येथे सभापर्वाची आठवण येणे अपरिहार्य आहे. द्रौपदीने सभेला प्रश्न विचारला तेव्हा सभेत विद्वानांची उणीव नव्हती. भीष्म होते, द्रोण होते. त्यांनी ‘होय’ म्हटले नाही, ‘नाही’ही म्हटले नाही. बोलला तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. आणि कर्णाने त्याला पोरकट म्हणून झिडकारले. विदुराने त्या सभेला बजावले की धर्म जाणूनही जो सभासद मौन धरतो त्याच्या वाट्याला अधर्माचा हिस्सा येतो. त्या प्रसंगाकडे पाहताना आपण नेहमी दुःशासनाकडे पाहतो. व्यासांनी मात्र आपल्याला मुख्यतः सभासद दाखविले आहेत. मतविभागणी झाली असती तर ती सभा एका मताने एकमत होता होता राहिली असती, आणि त्या एका मतापुरतीच तिची लाज राखली गेली आहे.

ज्यू धर्मशास्त्रातही ह्याच दिशेने जाणारा एक विलक्षण नियम सांगितला आहे. प्राणदंडाच्या खटल्यात सर्वच्या सर्व न्यायाधीशांनी आरोपीस दोषी ठरविले, तर त्याला सोडून द्यावे. ऐकताना हे उफराटे वाटते. पण त्यामागील विचार सरळ आहे: ज्या न्यायासनावर आरोपीच्या बाजूने बोलणारा एकही निघाला नाही, तेथे त्याची बाजू तपासलीच गेली नसावी.

आपल्याकडे आणखी एक गाठ पडली आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते, पक्षाने त्यास पंधरा दिवसांत क्षमा केली नाही तर. घोडेबाजार थांबावा हा त्यामागील हेतू योग्यच होता. १९६७ नंतरचे मध्य प्रदेशाचे राजकारण ज्या आमच्या ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांनी जवळून पाहिले, त्यांना त्या हेतूची निकड समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्याच कायद्याने विकलेल्या मताबरोबर विवेकाचे मतही बांधले गेले. सगळ्याच पक्षांनी एका बाजूस राहावयाचे ठरविले की विकर्णाला उभे राहण्यास जागाच उरत नाही.

घटना समितीचे काम संपत आले तेव्हा, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या भाषणात पक्षशिस्त न मानणाऱ्या काही सदस्यांचा नावानिशी उल्लेख केला. त्यांत ह. वि. कामत होते, पंजाबराव देशमुख होते. त्यांच्या अनेक सूचना बाबासाहेबांनी स्वीकारल्या नव्हत्या. तरीही, सर्वांनी मुकाट्याने पक्षाची शिस्त पाळली असती तर समितीचे कामकाज निःसत्त्व झाले असते, अशा अर्थाचे बोलून त्यांनी त्यांचे ऋण मान्य केले. ज्यांनी पदोपदी अडविले त्यांचे आभार मानण्याएवढे मन मोठे असणे, हा त्या सभागृहाचा आम्हांस सर्वांत मोठा वारसा वाटतो.

एकमत तर दूरच, सभागृहातील बहुमतही लोकांच्या मनाचा कसा चुकीचा अंदाज देऊ शकते, ह्याचे उदाहरण आमच्या गोव्यातील वाचकांच्या घरातच आहे. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव बहुमताने संमत केला. मगो पक्षाचे सरकार होते, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री होते. ठराव लोकांच्या प्रतिनिधींनीच केलेला. तेव्हा लोकांचे मत तेच, असे मानावयास हरकत नव्हती. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी पुन्हा मगो पक्षालाच सत्ता दिली! लोकांनी बांदोडकरांना नाकारले नव्हते. त्या एका प्रश्नावर त्यांचे मत वेगळे होते, एवढेच. प्रतिनिधीला मत दिले म्हणजे आपल्या प्रत्येक मताचे मुखत्यारपत्र त्याला लिहून दिले, असे होत नाही. १९६५ च्या त्या सभागृहात विरोधी बाकावर डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी बसलेले होते, म्हणून तो प्रश्न जिवंत राहिला. ते नसते, आणि ठराव एकमताने गेला असता, तर कदाचित कौल घेण्याची गरजच कोणास भासली नसती. आमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या निकालाचे दुःख अजून जपलेले आहे. आम्हीही त्यांतलेच. पण ते दुःख बाजूला ठेवून पाहिले तर कबूल करावे लागते की लोकांना विचारले गेले हे योग्यच झाले.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दुर्बलाजवळ एकजुटीवाचून दुसरे असते काय? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष, सगळे एका मांडवाखाली आले म्हणूनच १९६० साली राज्य मिळाले. तेथे कोणी पूर्वपक्ष मांडीत बसला असता तर? आक्षेप मान्य करूनही आम्हांस वाटते की एकजूट आणि एकमत ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकजूट कृतीची असते: मतभेद ठाऊक असताना, ते बोलून झाल्यावर, एका पावलापुरते आपण बरोबर चालतो. त्या मांडवाखालच्या पक्षांचे आपसांत किती विषयांवर पटत नव्हते हे सर्वांस माहीत होते. त्यांनी ते लपविले नाही. एकमत निर्णयाचे असते. ते तपासाअंती आले तर दुर्मीळ व मौल्यवान, तपासावाचून आले तर ते पुष्कळदा भयाचे किंवा आळसाचे दुसरे नाव. रणांगणावर एकजूट हवी हे खरे. पण सभागृह हे रणांगण नव्हे, रणांगणाची पाळी येऊ नये म्हणून बांधलेली ती वास्तू आहे.

राज्यघटनेने ह्या वास्तूत एक लहानशी खिडकी ठेवली आहे. अनुच्छेद २१० सांगतो की विधिमंडळाचे काम राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालावे. पण ज्या सदस्यास ह्यांपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्यास अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची अनुमती देऊ शकतील. खिडकी लहान आहे, आणि ती अध्यक्षांच्या मर्जीवर उघडते. तरीही घटनाकारांच्या डोळ्यांपुढे तो एकटा सदस्य होता, ज्याचे शब्द इतर कोणास कळणार नाहीत, पण ज्याने बोलले पाहिजे, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

हे सारे विधिमंडळांना ऐकवून आम्ही मोकळे होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका जुन्या मंडळाच्या वार्षिक सभेत वाचनालयाचा दालनभाग भाड्याने देण्याचा ठराव ‘सर्वानुमते’ संमत झाला. आम्ही उपस्थित होतो. हात वर केला होता. त्या वाचनालयात रोज सकाळी येऊन बसणारे एक वृद्ध सभासद त्या दिवशी आजारपणामुळे येऊ शकले नव्हते. पुढे भेटले तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, “इतिवृत्तात ‘उपस्थितांच्या मते’ असे लिहिले असते तर बरे झाले असते. मीही सभासद आहे.” दालन भाड्याने देणे कदाचित आवश्यकच होते, तिजोरी रिकामी होती. चुकला तो ठराव नव्हे, चुकला तो शब्द. त्या एका शब्दाने आम्ही त्यांना सभासदांतून वगळले होते.

बेळगाव आणि नागपूर येथील दोन्ही ठरावांची पाने शेजारी ठेवली की आम्हांस त्या वृद्ध सभासदांची आठवण होते. आम्ही आमची बाजू सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण ती न्यायाची बाजू आहे असे आम्ही म्हणतो तेव्हा आमच्या गल्लीतील कन्नड शेजाऱ्यासमोर, त्याच्या तोंडावर, ती मांडता आली पाहिजे. आणि त्याचे ‘नाही’ पुरते ऐकून घेतल्यावरही ती टिकली पाहिजे. तोवर, नागपूरच्या ठरावाखालीही, ‘सर्वानुमते’ ह्या शब्दाच्या जागी आम्ही मनात ‘उपस्थितांच्या मते’ असे वाचतो.