उत्तनचा क्रूस आणि उंबराचे पाणी

धर्म बदलला की माणूस आपल्या मातीचा राहत नाही, असे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी हे बोलण्याआधी भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडावी. धारावी बेटाच्या टोकाला समुद्राला भिडलेली ही ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे. श्रद्धा आणि मूळ यांचे नाते काय, या प्रश्नाला या किनाऱ्याने काळाकाळात वेगवेगळी उत्तरे दिली आणि शेवटचे उत्तर इथल्या कष्टकरी माणसांनी स्वतः घडवले.

पहिले उत्तर बंदरांचे होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेसने ‘कल्याणा’ इथल्या ख्रिस्ती लोकांची आणि इराणहून नेमलेल्या बिशपची नोंद केली. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. 1321 मध्ये थॉमस ऑफ तोलेंतिनो हा धर्मप्रचारक आणि त्याचे फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात मारले गेले, त्याआधी ते इथल्याच एका नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथे ख्रिस्ती घर होते. जहाजांबरोबर आलेली ही श्रद्धा शेजाऱ्यांशी शेजार करून राहिली. कोणाला मुळापासून तोडण्याचे बळ तिच्याकडे नव्हते आणि तशी तिला गरजही नव्हती.

हे गणित 1534 नंतर फिरले. वसईच्या तहाने हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला आणि चर्चच्या पाठीशी राजसत्ता उभी राहिली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला पोर्तुगीज नाव मिळाले, आडनाव मिळाले. ख्रिस्ती व्हायचे तर जुने सगळे सोडायचे, हा विचार याच काळात घट्ट झाला. गोव्याच्या धर्मन्यायालयाने तर 1736 मध्ये फर्मान काढून अंगणातली तुळस आणि लग्नातले अंगाला लावायचे लेपसुद्धा निषिद्ध ठरवले. पण पोर्तुगीज राजवटीतच दुसरा प्रवाहही वाहत होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापून झाले होते. सत्ता तोडत होती आणि ओवी जोडत होती.

1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, 1739 मध्ये वसई. युरोपीय पाद्री निघून गेले. राजा गेला, त्याची फौज गेली, आता ख्रिस्ती राहण्यात कसलाच फायदा उरला नव्हता. तरीही लोक ख्रिस्ती राहिले. गोव्याकडचे देशी पाद्री त्यांच्या सोबतीला होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा क्षण आहे. वरून लादलेली म्हणून जिची आजही संभावना होते ती श्रद्धा, आधार निघून गेल्यावर, लोकांनी आपली म्हणून धरून ठेवली.

ती आपली झाली म्हणजे काय झाले, ते उत्तनच्या दिवसात दिसते. किनाऱ्यावर बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडणीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टाकलेले असतात. शेजारी क्रूस उभा असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मग हंगाम उघडताना होड्यांना फादरांचा आशीर्वाद. लग्न असेल तर आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात, त्या पाण्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये वेदीसमोर लग्न लागते. ऑक्टोबरात आगेरा येतो, त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये अर्पण होतात. यातले काय ख्रिस्ती आणि काय कोळी, हे वेगळे काढता येत नाही. जगणाऱ्याला ते वेगळे काढायची गरजही पडत नाही.

पुढे 1887 मध्ये इंग्रजी अमदानीत मुंबई-साष्टीच्या या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे, आम्ही इथले मूळचे, हे त्यांना ठासून सांगायचे होते. लोक जे आधीपासून जगत होते, त्याला चर्चची मान्यता मिळायला मात्र विसावे शतक उजाडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट मोकळी केली आणि मिस्सा मराठीत होऊ लागली. शेजारच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा हे वर्तुळ भाषेच्या अंगानेही पूर्ण झाले.

श्रद्धा बदलली तरी मूळ बदलत नाही, हे आपल्या राज्यघटनेच्या चौकटीनेही आदिवासींबाबत मानले. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. वारली किंवा कातकरी माणूस कोणापुढे हात जोडतो, यावर त्याचे वारलीपण किंवा कातकरीपण ठरत नाही. धर्म बदललेल्या आदिवासींना वगळण्यासाठी ही तरतूद बदलावी अशी मागणी आज जोरात आहे. ती करणाऱ्यांनी उत्तनकडे नीट पाहावे. कोळ्यांचा प्रश्न कायद्यात निराळा आहे, पण मूळ विचार एकच आहे.

माणसाचे मूळ त्याच्या कामात, बोलीत, शेजारात आणि जमिनीशी असलेल्या जबाबदारीत असते. उत्तनचे कोळी आज किनाऱ्यासाठी, डोंगरीवरच्या कचऱ्याच्या ढिगाविरुद्ध आणि समुद्रातल्या घटत्या माशांसाठी झगडत आहेत. भूमिपुत्र कोण, हे ठरवायचेच असेल तर भूमीची काळजी कोण वाहतो ते आधी पाहावे. हा निकष लावला तर उत्तनच्या माणसाला कोणाकडून प्रमाणपत्र मागावे लागणार नाही.