मूठ आणि पाती

धडगावकडचा एक मुलगा नंदुरबारला शाळेत राहून धनुर्विद्या शिकत होता. राजस्थानचा लिंबाराम हा आपल्यासारखाच आदिवासी, बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करून तीन ऑलिंपिक खेळला, हे सरांकडून ऐकल्यापासून त्याला रिकर्व्ह धनुष्याचा ध्यास लागला होता. खेळ सोडणारा एक जण आपलं जुनं, सुट्या भागांचं धनुष्य विकत होता. मधली मूठ एक आणि पात्यांच्या जोड्या दोन, एक ओढायला 24 पौंड जोर लागणारी आणि दुसरी 38 पौंडांची. पैसे मुठीपुरते आणि एकाच जोडीपुरते होते. तेही बापाने गुजरातेत ऊसतोड करून होळीला घरी आणलेले. मुलाचं मन 38 वर बसलं होतं.

चांदसैलीचा घाट उतरून आजा पैसे घेऊन आला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याची शिकार सुटली होती, तरी दर होळीला कामठा, म्हणजे त्याचं जुनं धनुष्य, त्याच्या खांद्यावर असायचाच.

“दोरी कशी ओढता?” त्याने विचारलं.

“तीन बोटांनी. अंगठा लावायचा नाही.”

आज्याचा चेहरा खुलला. एकलव्याचा अंगठा गेला, म्हणून भिल्लाने तीर सोडताना अंगठा लावायचा नाही, असं त्यालाही लहानपणी शिकवलं होतं. “मग हे आपलंच,” तो म्हणाला.

त्याने धनुष्य उभं धरलं आणि एक डोळा मिटून मागून पाहिलं. दोरी दोन्ही पात्यांच्या आणि मुठीच्या बरोबर मधून जात होती. पीळ कुठे नव्हता. मग पागोट्याचं टोक त्याने पात्यांच्या कडांवरून हळू फिरवलं. बारीक चीर असती तर धागा अडकला असता. तेवढ्यात मुलगा रिकामी दोरी ओढून सोडणार, तोच आजा ओरडला, “तीर नसताना सोडायची नाही! तो जोर जाईल कुठं? कामठाच फुटेल.”

मग 38 ची पाती चढली. “तीर लाव, हनुवटीशी आण आणि धरून ठेव.” आजा मोजू लागला. चारला मुलाचा खांदा वर चढला, पाचला तीराचं टोक थरथरलं, सहाला दोरी पुढे सरकली. 24 ची पाती लावल्यावर मात्र दहापर्यंत टोक हललं नाही.

“पण आजा, 38 चा तीर जोरात जातो. ऑलिंपिकला सत्तर मीटरवर मारावा लागतो.”

सर म्हणाले, “38 हा आकडा 28 इंच ओढीचा असतो. तुझी ओढ 26. इंचामागे दोनेक पौंड कमी धरले तरी 34 उरतात, म्हणजे पंधरा किलो. दिवसाला शंभर तीर, प्रत्येक वेळी पंधरा किलो.”

आजा भिंतीला टेकून बसला. “तुझ्याएवढा होतो तेव्हा बापाचा कामठा न विचारता रानात नेला. भेकर समोर आलं. पुरता ओढवला नाही, हात थरथरला, तीर पोटात लागला. रात्रभर शोधलं. सकाळी सापडलं तेव्हा ते अजून जिवंत होतं. बाप मला एक शब्द बोलला नाही. माझ्या हाताला पेलेल असा कामठा त्याने करून दिला. दोन वर्षांनी त्याहून मोठा.”

त्याने मूठ पुन्हा डोळ्यांपुढे धरली. “आमचं पोर वाढलं की सगळा कामठा नवा करावा लागायचा. तुमचं बरं आहे. मूठ तीच राहते, पाती तेवढी बदलायची. ही सरळ आहे. ही घे, आणि हलकी पाती घे.”

दोन वर्षांनी त्याच मुठीवर 38 ची पाती चढली. मुलाने तीर लावला, दोरी हनुवटीशी आणली आणि मनात मोजायला लागला. दहा झाल्यावरच सोडला.

बोध: आधी मूठ सरळ आहे का ते पाहावं आणि दहा मोजेपर्यंत पेलवेल तेवढंच ओढावं. हात स्थिर झाला की जोर वाढवता येतो. न पेलणाऱ्या जोराची जखम मात्र दुसऱ्याला होते.